रोम मुक्कामी भोजनाची कैफियत

परदेशी निघालेल्या मनुष्यास पूर्वी लोक हारतुरे देत, पुढच्या पिढीत लोणच्याच्या बरण्या देऊ लागले आणि आता फेरिस्ती देतात. आम्ही उभयता रोमला जाणार ही वार्ता फुटल्यापासून आठ दिवसांच्या आत माझ्याकडे एकंदर सहा फेरिस्ती जमा झाल्या, आणि त्यांपैकी एकीतही कोलोसियमचा उल्लेख नव्हता. कोठे जेवावे, काय मागवावे, आणि कोणत्या गल्लीतले आइस्क्रीम खाल्ल्यावाचून परत आल्यास तोंड दाखवू नये, एवढाच मजकूर प्रत्येक कागदावर होता. महसूल खात्यात पस्तीस वर्षे काढून नायब तहसीलदारीवरून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्यास कागद दिसला की त्यावर आवक क्रमांक घालण्याची जी अनिवार ओढ लागते, तिला अनुसरून मी या सहाही फेरिस्तींची रुजवात घातली. तेव्हा असे निष्पन्न झाले की एकीत ‘अवश्य’ म्हणून नोंदलेली खानावळ दुसरीत ‘चुकूनही नको’ या सदराखाली आहे, तिसरीने ती बंद पडल्याचे कळविले आहे, आणि चौथीने तिथे गेल्या महिन्यातच जेवल्याचे. मिलानमध्ये नोकरीस असलेल्या आमच्या भाच्याची फेरिस्त सर्वांत लांब. परंतु तिच्या तळाशी त्याने, “मामा, खरं सांगू का, रोममध्ये जेवणात राम नाही, मिलानलाच या,” असा शेरा मारलेला होता. पुण्याच्या मिसळीविषयी कोल्हापूरकराचा अभिप्राय मागवावा, त्यातलाच हा प्रकार.

रोमला पोहोचल्यावर पहिली अडचण आली ती हुद्द्यांची. रिस्तोरान्ते, त्रात्तोरिया, ओस्तेरिया, पित्सेरिया आणि तावोला काल्दा अशा पाच पायऱ्या तेथे आहेत, आणि पूर्वी म्हणे त्यांची उतरंड जिल्हा, प्रांत, तालुका, सर्कल आणि सज्जा यांच्याइतकीच स्पष्ट असे: रिस्तोरान्तेमध्ये पांढरी चादर आणि छापील पत्रक, त्रात्तोरियामध्ये घरचा स्वयंपाक आणि घरचीच माणसे, ओस्तेरियामध्ये मुख्यतः मद्य आणि त्याच्या तोंडीलावण्यापुरते काही. हल्ली मात्र श्रीमंतांस गरिबीचा शौक लागल्यामुळे जो तो आपल्या दुकानावर ‘ओस्तेरिया’ अशी नम्र पाटी लावतो आणि आत गेल्यावर जिल्ह्याचा दर आकारतो. सहाही फेरिस्तींत एकमुखाने सांगितलेली गोष्ट एकच होती, ती ही, की दारात उभा राहून जो हाका मारतो आणि ज्याच्या पत्रकावर पदार्थांची रंगीत छायाचित्रे असतात त्याच्याकडे जाऊ नये. हे मला तत्काळ पटले. एसटीच्या थांब्यावर जो हाताला धरून आपल्या हॉटेलात नेतो त्याच्याकडची भजी कालची असतात, हे ज्ञान आम्हांस रोमला जाण्यापूर्वीच प्राप्त झालेले होते.

दुसरी अडचण ‘प्रेगो’ या शब्दाची. दारात उभे राहिलो की वेटर म्हणतो ‘प्रेगो’, म्हणजे या. खुर्ची दाखवून म्हणतो ‘प्रेगो’, म्हणजे बसा. वही काढून म्हणतो ‘प्रेगो’, म्हणजे बोला. आपण आभार मानले की म्हणतो ‘प्रेगो’, म्हणजे त्यात काय एवढे. आणि आपण वाटेत उभे असलो तर त्याच शब्दाने, फक्त स्वर किंचित चढवून, बाजूला व्हा असेही सुचवितो. आमच्या खात्यात ‘बघतो’ हा एकच शब्द याहून अधिक अर्थांनी वापरून मी पस्तीस वर्षे काढली असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. परंतु सौभाग्यवतीने दुसऱ्या दिवसापासून हा शब्द मराठीत आत्मसात केला आणि ट्राममधल्या एका धष्टपुष्ट गृहस्थाला ‘प्रेगो हो जरा’ म्हणून बाजूस सारले, तेव्हा मात्र भाषाशुद्धीविषयीची माझी मते पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली.

खरा पेच पडला तो ताटाचा. आपले भोजन म्हणजे एकाच पानावर सर्व पक्षकारांस एकाच वेळी हजर करण्याची रीत: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, आणि कोणाची सुनावणी आधी घ्यायची हे सर्वस्वी जेवणाऱ्याच्या मर्जीवर. इटालियन मनुष्याचे भोजन ही त्याउलट टप्प्याटप्प्याने चालणारी कारवाई आहे. आंतीपास्तो म्हणजे दरखास्त, प्रीमो म्हणजे पास्ता अथवा भात यांची पहिली सुनावणी, सेकोंदो म्हणजे मांस किंवा मासळीचे अपील, कोंतोर्नो म्हणजे अपिलास जोडलेली भाजीपाल्याची पुरवणी, मग दोल्चे हा गोड निकाल आणि शेवटी कॉफी. एका टप्प्याचा कागद मिटल्याखेरीज दुसरा उघडायचा नाही. पहिल्याच रात्री सौ.ने पास्त्याबरोबर पालेभाजी मागितली, तेव्हा वेटरने ती नोंदून घेतली, मान डोलावली, आणि पास्ता पूर्ण संपून ताटली उचलली गेल्यानंतर वाटीभर हिरवा पाला एकटाच आणून तिच्यापुढे ठेवला. “आता हा कशाशी खाऊ?” असे तिने मला विचारले. महसूल संहितेत या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

हिशेबाची तऱ्हा तर आणखी निराळी. ‘कोपेर्तो’ नावाची एक डोईपट्टी त्या देशात फार जुनी आहे. ती पाव खाल्ल्याबद्दल नसून चादर, काटा-चमचा आणि खुर्ची यांच्या वहिवाटीबद्दल असते, आणि तुम्ही काहीही खाल्ले तरी दर डोई सारखीच बसते. प्रवाशांस तिचा भयंकर संताप येतो. मला मात्र ती पाहून गहिवर आला. कारण उत्पन्नाकडे न पाहता केवळ अस्तित्वावर बसविलेली आकारणी, तिचे कारण कोणालाही सांगता न येणे आणि तरीही ती वर्षानुवर्षे बिनचूक वसूल होणे, ही उत्तम कराची तिन्ही लक्षणे तिच्यात होती. आणि एवढे असून वसुलीची घाई म्हणून नाही! आपण मागितल्याखेरीज बिल येत नाही. ते आपणहून आणून ठेवणे म्हणजे पाहुण्यास ऊठ म्हणण्यासारखे, अशी तेथील समजूत. आम्हांस हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्या रात्री आम्ही बिलाची वाट पाहत आणि वेटर आमच्या मागणीची वाट पाहत, असे परस्परांच्या सौजन्यात अडकून अकरा वाजेपर्यंत बसून राहिलो.

शाकाहारी कुटुंबाचा रोममधील खरा आधार म्हणजे ‘काचो ए पेपे’, अर्थात चीज आणि मिरी. उकडलेला पास्ता, पेकोरिनो नावाचे मेंढीच्या दुधाचे खारट चीज, भरड कुटलेली काळी मिरी आणि पास्ता शिजविलेले पाणी, एवढ्या चार गोष्टींवर हा पदार्थ उभा असतो, आणि चीज न फुटता सायीसारखे एकजीव होण्यात स्वयंपाक्याची सारी अब्रू असते. (पेकोरिनो विरजण्यास कोकराच्या जठरातील रस लागतो ही बाब मला तेथे समजली; ती मी ‘गोपनीय’ असा शेरा मारून दप्तरी दाखल केली आहे. सौ. माझे लेख वाचत नाही.) या पदार्थातील मिरीवर मात्र आपला हक्क आहे, आणि तो आजचा नव्हे. भारत दर वर्षी रोमन साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्शियस शोषून घेतो अशी तक्रार प्लिनीने पहिल्या शतकातच लिहून ठेविली आहे. मलबारची मिरी, तलम कापड आणि रत्ने यांपायी ही रक्कम समुद्रापार जात असे, आणि त्या व्यापाराच्या वाटेवर आपले कल्याण हे बंदरही होते. सम्राट डोमिशियनने मिरीसाठी रोमच्या भर वस्तीत स्वतंत्र कोठारे बांधविली. पुढे इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला तेव्हा त्याने ठरविलेल्या खंडणीत पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड चांदी, चार हजार रेशमी अंगरखे यांच्या जोडीला तीन हजार पौंड मिरीही होती. चौथाई आणि सरदेशमुखी वसूल करणाऱ्यांचे आम्ही वारस. परंतु खंडणीच्या यादीत मसाला लावण्याची ही सूक्ष्म दृष्टी आमच्या सरदारांपैकी कोणास होती असे ऐकिवात नाही. हा सर्व इतिहास मी सौ.स प्लेट पुढे असताना निवेदन केला. तिने एक घास घेतला आणि, “मिरी आपलीच असेल, पण कुटलीय मात्र ह्यांनी चांगली,” एवढेच म्हटले.

रोमन मनुष्य आपल्या चार पास्त्यांविषयी जितका हळवा असतो तितका आपल्या भग्नावशेषांविषयी नसतो. ‘कार्बोनारा’त अंडे, पेकोरिनो, मिरी आणि डुकराच्या गालाचे खारवलेले मांस यांपलीकडे काही घालणे हा तेथे धर्मद्रोह समजला जातो, साय हा शब्द उच्चारताच शेजारच्या मेजावरचे लोक मागे वळून पाहतात. या सनातन परंपरेचा आरंभ शोधू जाता असे दिसते की दुसऱ्या महायुद्धापूर्वी तिचा मागमूसच नाही, आणि १९५४ साली एका प्रसिद्ध इटालियन पाकमासिकात तिची कृती छापून आली तिच्यात लसूण आणि चक्क ग्रुयेर नावाचे परकीय चीज होते. म्हणजे मी वर्षाचा होऊन दुपट्यावर रांगत होतो त्या सुमाराची ही सनातन परंपरा! माझ्याइतक्याच वयाच्या कोणाची लोक इतकी काळजी घेतात हे पाहून मला जरा मत्सर वाटला.

परंतु या प्रवासात माझ्यातील जुना महसुली मनुष्य खडबडून जागा झाला तो आल्फ्रेडोच्या प्रकरणात, आणि त्याची हकीकत तपशीलवार देणे भाग आहे. आल्फ्रेडो दि लेलिओ नावाचा एक गृहस्थ आपल्या आईच्या लहानशा खानावळीत काम करीत असे. १९०८ च्या सुमारास त्याची पत्नी बाळंत झाली. तिची अन्नावरची वासना उडाली, तेव्हा तिच्या तोंडाला रुची यावी म्हणून त्याने फेत्तुचिनेच्या रुंद पट्ट्यांत भरपूर लोणी आणि भरपूर पार्मेसान घालून त्या तिला खाऊ घातल्या, असे सांगतात. आपल्याकडे याच प्रसंगी गुरगुट्या भात, तूप आणि मेतकूट देतात, आणि ते देणाऱ्या कोट्यवधी नवऱ्यांपैकी, किंवा खरे म्हणजे सासवांपैकी, एकीलाही त्याचे दुकान थाटावे असे सुचले नाही. आल्फ्रेडोला सुचले. व्हिया देल्ला स्क्रोफा, म्हणजे शब्दशः डुकरिणीचा रस्ता, येथे त्याने आपली खानावळ काढली. डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड हे अमेरिकन चित्रपटातील राजाराणी आपल्या मधुचंद्रात तेथे जेवले, आणि १९२७ मध्ये त्यांनी त्याला सोन्याचा काटा आणि सोन्याचा चमचा नजर केला. येथवर सारे ठीक होते. पुढे १९४३ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, आल्फ्रेडोने ती खानावळ आपल्याच वेटरांना विकली आणि स्वस्थ बसला. परंतु सात वर्षांत स्वस्थतेचा कंटाळा येऊन १९५० साली त्याने मुलासह थोड्याच अंतरावर ऑगस्टस बादशहाच्या समाधीपाशी दुसरी खानावळ उघडली, आणि तिचे नाव ठेविले ‘इल व्हेरो आल्फ्रेडो’, म्हणजे ‘खरा आल्फ्रेडो’!

आता पाहा. एका बाजूस मूळ जागा, मूळ भिंती आणि रीतसर खरेदीखत. दुसऱ्या बाजूस मूळ पुरुष, त्याचे रक्त आणि त्याचा हात. कीर्ती ही मिळकतीस चिकटलेली असते की व्यक्तीस? विकताना त्याने भांडीकुंडी विकली की नावही विकले? आणि बाळंतिणीचा पास्ता ही जंगम मालमत्ता मानावी की स्थावर? दोन्ही दुकाने आजमितीस चालू आहेत आणि दोघांचाही वारसा सांगण्याचा आवेश कायम आहे. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी लावून पुण्यातील दुकानदार जो प्रश्न एका ओळीत निकालात काढतात त्याने रोमसारखे, जगास कायदा शिकविणारे शहर तीन पिढ्या घोळात राहावे, हे खेदजनक आहे. न्यायबुद्धीस स्मरून मी एका दुपारी एका ठिकाणी आणि दुसऱ्या दुपारी दुसऱ्या ठिकाणी जेवलो, दोन्हीकडची स्थळपाहणी केली, आणि लोण्याचे प्रमाण दोन्हीकडे डॉक्टरांच्या नजरेआड ठेवण्यासारखे आहे असे आढळून आल्यामुळे प्रकरण तहकूब ठेविले. सर्वांत विनोदाची गोष्ट ही की, अमेरिकेत ज्याच्या नावाने सायीचे पाट वाहतात त्या आल्फ्रेडोस सामान्य इटालियन मनुष्य फारसा ओळखतही नाही. त्याच्या लेखी लोणी-चीज घातलेला पास्ता म्हणजे पोट बिघडलेल्या माणसाचे पथ्य.

तेस्ताच्चो या भागात मला एकट्यालाच जावे लागले, कारण तेथील पदार्थांची नावे मी सौ.स भाषांतर करून सांगण्याची चूक केली. शहराचा मोठा कत्तलखाना १८९१ पासून १९७५ पर्यंत येथे होता, आणि तेथील कामगारांना मजुरीचा काही हिस्सा वस्तुरूपाने, म्हणजे बड्या घरी न जाणाऱ्या मांसाच्या रूपाने मिळे: शेपूट, जीभ, आतडी, वजडी. जनावराचे चार चतुर्थांश अमीर-उमराव, पाद्री, मध्यमवर्ग आणि शिपाई यांत वाटून झाल्यावर जे उरते तो ‘पाचवा चतुर्थांश’, हे त्या उरलेल्याचे नाव. बलुत्याचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हा पाचवा चतुर्थांश कसा निघतो ते समजावून द्यावे लागत नाही. टोमॅटो आणि सेलरी यांत तासन्‌तास शिजविलेली बैलाची शेपटी आज पांढऱ्या चादरीवर येते. कत्तलखान्यासमोर १८८७ पासून असलेल्या ‘केक्कीनो’ या खानावळीत ती खाण्यासाठी लोक आगाऊ नोंदणी करून येतात, आणि ज्याच्या आजोबाला ती नाइलाजाने खावी लागली त्याच्या नातवाला ती परवडेल की नाही याची मला शंका आहे. मी वजडी मागविली. अलिबागच्या नोकरीत मिश्राहारी झालेल्या माझ्या जिभेला ती ओळखीची वाटली. फक्त तिला मिरची भेटलेली नव्हती, पुदिना भेटला होता.

या खानावळींच्या पाठीमागेच एक टेकडी आहे. सुमारे पस्तीस मीटर उंचीची ही टेकडी मातीची नसून फुटक्या रांजणांची आहे: साम्राज्यकाळी स्पेन आणि उत्तर आफ्रिका येथून ऑलिव्ह तेल भरून आलेले कोट्यवधी रांजण रिकामे झाल्यावर येथे फोडून, नीट रचून, वर चुना टाकून ठेवीत गेले. त्या खापरांवर तेलाचे वजन, पाठविणाऱ्याचे नाव आणि तपासणी करणाऱ्याच्या नोंदी शाईने लिहिलेल्या आहेत आणि त्या आजही वाचता येतात! साम्राज्य बुडाले, सम्राटांच्या मूर्तींची नाके गेली, आणि जकात कारकुनाचा शेरा तेवढा राहिला. त्या टेकडीच्या फाटकाशी मी नकळत टोपी काढली.

राहता राहिली जुनी ज्यू वस्ती. पोप चौथा पॉल याने १५५५ मध्ये शहरातील ज्यूंना टायबर नदीकाठच्या एका दलदलीच्या तुकड्यात कोंडले, आणि पुढची तीन शतके तेथे जो स्वयंपाक झाला तो आज रोमचा मानबिंदू आहे. कोठे जावे याबाबतीत सहाही फेरिस्तींचे येथे, केवळ येथेच, मतैक्य होते. म्हणून आम्ही मोठ्या उमेदीने शनिवारी दुपारी पोर्तिको द’ओत्ताविया या रस्त्यावर दाखल झालो, आणि पाहतो तो जवळजवळ सारी दारे बंद. फेरिस्ती देणाऱ्या सहा विद्वानांपैकी एकालाही वार लिहिण्याचे सुचले नव्हते. परंतु त्यांना दोष का द्यावा? अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूस घाणा चालविणाऱ्या बेने इस्रायल ज्यू लोकांना सारे गाव ‘शनवार तेली’ म्हणे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. कुलाबा जिल्ह्याच्या दप्तरात उमेदीची वर्षे काढलेल्या मनुष्यास एवढे आठवू नये? “तुम्ही तिथे केलंत काय इतकी वर्षं?” असा खडा सवाल सौ.ने भर रस्त्यात केला, आणि आम्ही पिशवीतल्या तिखटमिठाच्या पुऱ्या नळाच्या काठी उभ्याने खाल्ल्या.

रविवारी पुन्हा गेलो. धर्मनियमाप्रमाणे दूध आणि मांस एकत्र येत नसल्यामुळे तेथील खानावळी एक तर दुधाच्या असतात नाही तर मांसाच्या, भांडीसुद्धा वेगळी. दुधाच्या खानावळीत मासळीस मुभा आहे, पण मांसाचा वास नाही, हे कळताच सौ.च्या मुद्रेवर आठवड्यात प्रथमच निवांतपणा दिसला. “हे सोवळंच की,” ती म्हणाली. तेथे मिळणारे ‘कार्चोफी आल्ला जुदिया’ म्हणजे सबंध आटिचोक, पाने न सुटू देता, दोनदा तळलेला. दुसऱ्या तळणीत तो शेवंतीसारखा उमलतो आणि पाने पापडासारखी वाजतात. या फुलावर २०१८ साली बालंट आले. पाकळ्यांच्या आड किडा असू शकतो, सबब हा पदार्थ धर्मास संमत नाही, असा अभिप्राय इस्रायलच्या वरिष्ठ धर्मपीठाने दिला. रोमच्या ज्यूंनी तो आदरपूर्वक वाचला आणि कढई चढविली. वरच्या कचेरीचा हुकूम आणि खालची वहिवाट यांच्या झगड्यात कोण जिंकते हे मला पूर्वीपासून ठाऊक होते. परंतु वहिवाट इतकी खमंग मी प्रथमच पाहिली.

सौ.ने दोन आटिचोक खाल्ले आणि तिसऱ्याची चौकशी केली. बाहेर, पडवीत, एक म्हातारा चाकूने आटिचोक गोल गोल तासून लिंबाच्या पाण्यात टाकीत बसला होता. ती थबकली. “केळफुलासारखं काळं पडतं हो हे! आम्ही ताकात घालतो,” असे तिने त्याला स्वच्छ मराठीत सांगितले, आणि त्याच्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहून, “आधी हाताला तेल लावायचं ना,” अशी समजही दिली. म्हाताऱ्याने बोटे उलटसुलट करून पाहिली, चाकू मांडीवर ठेवला, शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे हात केला आणि म्हणाला, “प्रेगो.”